ट्रिझ आधी की जुनी प्रकरणं आधी?

डिझाइनमध्ये अडचण आली की थेट ट्रिझचा (तांत्रिक विरोध सोडवायच्या पद्धतीचा) तक्ता उघडू नका, आधी तशाच अडचणींच्या जुन्या नोंदी चाळा. समजा, इंजेक्शन मोल्डिंगच्या (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून बनवलेल्या) भागावर नेमका रिबच्या (भिंतीला बळकटी देणाऱ्या पट्टीच्या) पाठीमागे सिंक मार्क, म्हणजे खड्डा पडतोय. तसंच जुनं प्रकरण सापडलं तर होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर धरून ठेवलेला दाब), त्याचा वेळ आणि गेटची (प्लास्टिक साच्यात शिरतं त्या तोंडाची) जागा ताडून बघा. मटेरियल वेगळं असेल तर मात्र आकडे जसेच्या तसे उचलू नका. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकपेक्षा बरंच जास्त आकसतं, नवशिके इथेच फसतात.

रिबची जाडी भिंतीच्या 50-60 टक्के ठेवली की ताकद अपुरी, वाढवली की खड्डा, अशी कोंडी झाली की ट्रिझकडे वळा. ट्रिझचे जनक आल्टशुलर यांच्या तक्त्यात 39 गुणधर्म आणि 40 तत्त्वं आहेत. पण त्याआधी विरोध एका वाक्यात लिहा: ‘ताकदीसाठी रिब जाड हवी, खड्डा नको म्हणून पातळ हवी.’ हे वाक्य ढिसाळ असेल तर तक्ता भलतीच तत्त्वं पुढे करतो. शिवाय तत्त्व फक्त दिशा दाखवतं. 29वं तत्त्व म्हणतं, हवा किंवा द्रव वापरा. त्यावरून गॅस-असिस्ट मोल्डिंग सुचायला हवं: जाड भागात नायट्रोजन सोडून तो आतून पोकळ करतात.

फसलेला उपायही कारणासकट नोंदवून ठेवा.