वाचकांचे प्रश्न: रिपच्या बाजूला अर्धे रूट पोचतच नाहीत

प्रश्न: सर नमस्कार. आमच्या प्लांटमध्ये जुन्या शॉपफ्लोअरवर रिप व्हर्जन १ (राउटर एकमेकांना नेटवर्कचे रस्ते म्हणजे रूट सांगतात ती जुनी पद्धत) चालतं आणि नवीन ऑफिस बिल्डिंगला ओएसपीएफ (त्याच कामाची दुसरी पद्धत). मधल्या सिस्को राउटरवर दोन्हीकडून रीडिस्ट्रिब्यूट केलंय (एका पद्धतीचे रूट दुसरीत सोडलेत), मेट्रिक (रूट किती लांब त्याचा आकडा) पण दिलंय. तरी ऑफिसचं १७२.१६.१०.०/२४ (रेघेपुढचा आकडा म्हणजे मास्क, पत्त्याचे किती बिट नेटवर्कचे ते) फ्लोअरवर दिसतं आणि १७२.१६.८.० मधले /२८ चे व्हीलॅन (वेगळे पाडलेले छोटे नेटवर्क) दिसत नाहीत, /३० च्या लिंक पण नाहीत. मधल्या राउटरच्या टेबलात मात्र सगळं व्यवस्थित आहे. आयओएसचा (राउटरच्या सिस्को सॉफ्टवेअरचा) बग असेल का? फ्लोअरचे सगळे इंटरफेस १७२.१६ मधलेच, /२४ चे आहेत.
– एक वाचक, चाकण

उत्तर: बग शोधत बसू नका, राउटर अगदी नियमाने वागतोय. तुम्ही शेवटच्या ओळीत जे सहज लिहून टाकलंय ना, फ्लोअरचे सगळे इंटरफेस /२४ चे, तिथेच उत्तर आहे.

रिप व्हर्जन १ च्या अपडेटमध्ये मास्क जातच नाही, त्या पॅकेटमध्ये मास्कला जागाच नाही (१९८८ चा आरएफसी १०५८ हा त्याचा नियम-दस्तऐवज, सीआयडीआर म्हणजे हव्या त्या लांबीचा मास्क वापरायची पद्धत त्यानंतर पाच वर्षांनी आलं). म्हणजे कोणी नुसतं 'वडगावला या' म्हणावं आणि मावळातलं, बुद्रुक की शेरी ते सांगूच नये, मग ऐकणारा आपल्या जवळचं वडगाव धरून चालतो. इथे पलीकडचा राउटर पण तेच करतो, अपडेट ज्या इंटरफेसवर आलं त्याचाच मास्क लावतो. आता १७२.१६.८.०/२८ तसंच पाठवलं असतं तर त्याने ते /२४ समजून घेतलं असतं आणि १७२.१६.८.१६ हा तर त्याला नेटवर्क न वाटता एकटा होस्टच वाटला असता. असा घोळ नको म्हणून पाठवणारा आधीच बघतो की रूट आणि बाहेर जाणारा इंटरफेस एकाच मेजर नेटवर्कचे (जुन्या ए-बी-सी वर्गांप्रमाणे धरलेलं मूळ नेटवर्क, इथे १७२.१६.०.०) आहेत का, असतील तर मास्क जुळतो का, जुळला तरच पाठवायचं, नाहीतर गुपचूप गाळायचं. एरर नाही, लॉग नाही, काही नाही. मला विचाराल तर गाळण्यापेक्षा हे गुपचूप गाळणं जास्त त्रासाचं आहे. मधल्या राउटरवर 'डीबग आयपी रिप' लावून बघा, फ्लोअरकडे जाणाऱ्या अपडेटमध्ये १७२.१६.१०.० असेल आणि ८ वाल्यांचं नाव पण नसेल.

गंमत म्हणजे तेच व्हीलॅन १९२.१६८.५०.० मधले असते तर अडलं नसतं, कारण मेजर नेटवर्क वेगळं असलं की रिप त्याचा क्लासफुल (वर्गाच्या मास्कचा) गोळा करून १९२.१६८.५०.० म्हणून पाठवून देतो.

उपाय सोपा आहे. मधल्या राउटरवर एक स्टॅटिक रूट टाका, 'आयपी रूट १७२.१६.८.० २५५.२५५.२५५.० नल०', आणि राउटर रिपखाली 'रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक मेट्रिक १'. नल (तिकडे गेलेलं पॅकेट टाकून दिलं जातं) वाचून घाबरू नका. रिपला हवा तसा /२४ मिळाला, तो फ्लोअरवर गेला, आणि तिथून पॅकेट आलं की या राउटरकडे ओएसपीएफचे /२८ आहेतच, जास्त लांबीचा प्रीफिक्स (मोठ्या आकड्याचा मास्क) जिंकतो, पॅकेट बरोबर जागी जातं. नल मध्ये फक्त तेच पडतं ज्याचा /२८ कुठेच नाही. मात्र सगळे /२८ डाउन झाले तरी फ्लोअरला /२४ दिसतच राहणार, तेवढं ट्रबलशूट करताना डोक्यात असू द्या. आणि हा स्टॅटिक ओएसपीएफमध्ये सोडू नका, तिथे त्याचं काही काम नाही.

फ्लोअरवर नुसता डीफॉल्ट रूट (ज्याचा रस्ता माहीत नाही ते सगळं इकडे) सोडूनही भागतं, पण तिथल्या जुन्या कॉन्फिगमध्ये 'नो आयपी क्लासलेस' आहे का ते आधी बघा. असेल तर १७२.१६ चा अनोळखी सबनेट डीफॉल्टने न जाता ड्रॉप होऊ शकतो. /३० च्या लिंकांचं सोडून द्या, तिथे युजर कोणी बसत नाही.

हे सगळं अर्थात मलमपट्टीच. फ्लोअरचे राउटर व्हर्जन २ बोलत असतील (एकदा बघाच, बरेचसे बोलतात, कोणी चालू केलेलं नसतं) तर सगळीकडे 'व्हर्जन २' आणि 'नो ऑटो-समरी' (वर्गाप्रमाणे गोळा करणं बंद) टाका, मास्क अपडेटमधूनच जायला लागेल आणि स्टॅटिक काढता येईल. फक्त एखादं जुनं मशीन व्हर्जन १ च ऐकत असेल तर ते तुटेल, म्हणून शटडाउनच्या दिवशी करा.

प्रश्न: माझं उलटं आहे. रिपचे सबनेट ओएसपीएफमध्ये येतच नाहीत.
– नाशिकहून

उत्तर: 'रीडिस्ट्रिब्यूट रिप' पुढे 'सबनेट्स' लिहिलंय का? जुन्या आयओएसवर तो शब्द नसेल तर ओएसपीएफ फक्त क्लासफुल नेटवर्क घेतो, आणि कमांड मारताना तशी वॉर्निंग पण देतो, आपण एंटर मारत पुढे जातो.

प्रश्न: ओएसपीएफ टू रिप केलं, एकही रूट जात नाही. आणि बॅकअपला दुसरा राउटर पण मध्ये टाकायचाय, चालेल ना?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: पहिल्याचं कारण मेट्रिक. ओएसपीएफची कॉस्ट (त्याचं मेट्रिक) रिपला कळत नाही, तुम्ही आकडा दिला नाही तर तो अनंत धरतो आणि रिपमध्ये १६ म्हणजे अनंत. ५ वगैरे द्या, पुढे हॉप वाढायला जागा राहील.

दुसरा राउटर जपून. ओएसपीएफचं डिस्टन्स (कोणाच्या रूटवर आधी विश्वास, कमी आकडा जिंकतो) ११०, रिपचं १२०, त्यामुळे पहिल्या राउटरने रिपचे रूट ओएसपीएफमध्ये सोडले की दुसरा शेजारचंच रिप नेटवर्क ओएसपीएफमधून लांबच्या वळणाने गाठायला बघतो. त्यासाठी दोन्हीवर 'डिस्टन्स ओएसपीएफ एक्स्टर्नल १३०' करा. बरेच जण सांगतील टॅग (रूट कुठून आला याची खूण) लाव आणि टॅगवर फिल्टर कर, पण व्हर्जन १ मध्ये मास्कसारखीच टॅगला पण जागा नाही, रिपमधून जाताना तो गळून पडतो. म्हणून डिस्ट्रिब्यूट-लिस्टमध्ये (कोणते रूट घ्यायचे, कोणते नाही त्याची यादी) ऑफिसच्या बाजूचे नेटवर्क नाव घेऊन अडवा, रिपकडून ते परत आत येताच कामा नयेत.