रोजच्या धावपळीत सार्वकालिक गोष्टींकडे नजर कशी लावून ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की रविवारी उपासनेत मन स्वर्गाकडे लागलेलं असतं आणि सोमवारी दुपारपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही. नोकरी, मुलांचा अभ्यास, कर्जाचा हप्ता यांतच जीव अडकतो, आणि मग आपला विश्वास खरा आहे ना, अशी टोचणी लागते. ही टोचणी मी कित्येक वर्षं बाळगली आहे, म्हणून उत्तर द्यायला बसलोय.

बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातलं ‘वरील गोष्टींकडे मन लावा’ (३:२) हे वचन मी लहानपणी पाठ केलं होतं, पण एकटंच. त्यामुळे मन वर लावायचं म्हणजे हातातल्या कामातून ते काढून घ्यायचं, अशी माझी समजूत झाली होती. ऑफिस, घर, बिलं हे सगळं जणू प्रभूचा वेळ खाणारं. फार उशिरा तो अध्याय सलग वाचला. पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्याच अध्यायात राग, निंदा, लबाडी यांवर येतो, मग नवराबायको, आईबाप आणि लेकरं. आणि जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे २३ वं वचन तर दासांना सांगताना आलं आहे. काय काम करायचं हे ठरवायची ज्यांना मुभाच नव्हती, अशा माणसांना!

तरीही ही गोष्ट डोक्यातच राहिली असती. वडिलांना पक्षाघात झाला आणि ते दोन वर्षं अंथरुणाला खिळले. वाचा गेली होती. काही हवं असलं की ते डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर स्टीलचा पेला वाजवायचे. एका पहाटे मी शेजारच्या खोलीत गुडघे टेकून प्रार्थना करत होतो, कितीतरी दिवसांनी मन लागलं होतं, आणि पेला वाजला. मी उठलो तो चिडूनच. चादर ओली झाली होती. त्यांना कुशीवर वळवलं, ओली चादर पाठीपर्यंत गुंडाळत नेली, तिच्या कडेला कोरडी अंथरली, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन ओली ओढून काढली. सगळं तोंड न उघडता, हिसके देत. काम झाल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं, ते सोडेचनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी परत जाऊन गुडघे टेकले, पण तोंडातून शब्द फुटेना.

त्या दिवसांत मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २५ व्या अध्यायातला, येशूने सांगितलेला शेवटच्या न्यायाचा प्रसंग पुन्हा वाचला. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तान्हेला होतो, आजारी होतो आणि तुम्ही माझं केलंत. त्यावर नीतिमान विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांच्या ध्यानीमनीही नाही! अन्न वाढताना त्यांच्या मनात राजाचं सिंहासन नव्हतं, समोरचा भुकेला होता. आणि सार्वकालिक राज्य नेमकं त्यांच्या वाट्याला येतं. म्हणून सोमवारी दुपारी स्वर्ग आठवला नाही याची टोचणी तुम्ही खुशाल सोडून द्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचं लक्ष त्या घटकेला रोग्यावरच हवं. मंडळीत आपण ‘आत्मिक माणूस’ हा शब्द फार स्वस्तात वापरतो. ज्याच्या घरची माणसं त्याच्या प्रार्थनेला वैतागलेली आहेत, त्याला मी तरी तसं म्हणणार नाही. पहाटेचा तो मी स्वतः तसाच होतो.

मग प्रार्थनेची वेळ, वचनवाचन हे कशाला? कारण हात आपोआप समोरच्या माणसाकडे वळत नाहीत, त्यांना वळण लावावं लागतं. मला बायबलमधलं स्तोत्र ९० फार उपयोगी पडलं. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, शक्ती असली तर ऐंशी, असा हिशेब मांडून मोशे मागणं करतो की आमचे दिवस गणायला आम्हांला शिकव. मी ते सकाळी, फोन हातात घेण्यापूर्वी म्हणतो. त्या स्तोत्राचा शेवट आमच्या हातचं काम स्थिर कर, या मागण्याने होतो. कामाला लागण्यापूर्वी तेवढीच ओळ पुन्हा म्हणतो, अर्धं मिनिटही लागत नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाईट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठातल्या स्वयंपाकघरात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे मठवासी राबत होते. त्या कामाची त्यांना मुळातच नावड होती. पण ते देवाच्या प्रीतीसाठी करायचं आणि करताकरता त्याच्याशी बोलत राहायचं, अशी सवय त्यांनी लावून घेतली. पुढे भांड्यांच्या खडखडाटात आणि प्रार्थनेच्या तासात त्यांना फरक उरला नाही. एका दिवसात हे झालेलं नाही, वर्षं लागली.

सार्वकालिक नजरेची माझी खरी परीक्षा मात्र कामात झाली नाही, ती भावाच्या बाबतीत झाली. वडिलांच्या त्या दोन वर्षांत तो मोजून चार वेळा आला. ते गेल्यावर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं, आणि दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमचे ऋण आम्हांस सोड’, म्हणजे आमच्या अपराधांची क्षमा कर, असं म्हणत राहिलो. एके सकाळी दिवस गणता गणता मनात आलं, आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेली, आणि ज्याच्याबरोबर अनंतकाळ प्रभूसमोर उभं राहायचं त्याच्याशी मी दोन वाक्यं बोलायला तयार नाही. फोन उचलायला मला आणखी तीन आठवडे लागले.

पलीकडून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, बाबांना तसं बघवत नव्हतं रे मला.”

तुम्ही हप्ता, मुलं, नोकरी लिहिलंत. त्या यादीत एखाद्या माणसाचं नावही असेल, लिहायचं राहिलेलं. उद्या सकाळच्या प्रार्थनेत त्याच्यापासून सुरुवात करा.