घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांसोबत काम सुरू करताय?

बरं केलंत. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- फॉर्म स्वतः भरू नका. शेजारी बसा, पण माउस मुलीच्याच हातात राहू द्या.
- आईवडिलांना भेटा. घरातला एक कमावता हात कमी होणार असतो, ती भीती खरी आहे.

नव्यांची हमखास चूक म्हणजे प्रवेश मिळाला की हुश्श करणं. प्रवेश आणि पहिलं लेक्चर यांच्या मधल्या आठवड्यांतच मुलं गळतात. एखादा दाखला राहतो, फीची तारीख हुकते, विचारायला घरात कुणी नसतं. तेव्हा फोन करत राहा.

आणि हे उपकार समजू नका. उच्च शिक्षण गुणवत्तेनुसार सर्वांना सारखंच खुलं असावं, हे १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, २६व्या कलमात लिहिलंय. शिष्यवृत्तीचे बारकावे नंतर बघू.