बंदी असूनही गावात खर्रा कसा मिळतो?

प्रश्न असा होता: गुटखा आणि खर्रा (सुपारी, चुना, तंबाखू घोटून केलेलं मिश्रण) यांवर बंदी आहे, मग आमच्या गडचिरोलीकडच्या गावात पानठेल्यावर तो रोज कसा मिळतो?

कारण साधी तंबाखू बंद नाही. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, 2013 मध्ये सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावाही त्यात आले. हा आदेश अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खाली निघतो आणि एकावेळी फार तर एक वर्ष टिकतो, म्हणून दरवर्षी नव्याने काढावा लागतो. साध्या तंबाखूला मात्र 2003 चा वेगळा कायदा लागतो. त्यात विक्रीला परवानगी आहे, फक्त 18 वर्षांखालच्यांना आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत विकायची नाही.

आता ठेल्यावर बघा. ठेलेवाला पन्नीवर सुपारीचा चुरा, चुना, तंबाखू टाकतो, तळहाताने घोटतो आणि पुडी बांधून देतो. कारखाना नाही, छापील पाकीट नाही, त्यामुळे तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के जागेत असतं ते इशाऱ्याचं चित्रही नाही. गिऱ्हाइकाला इशारा दिसतच नाही, आणि मला हेच सगळ्यात घातक वाटतं. सुगंधित तंबाखूचा डबा खाली दडवलेला असतो, तो राज्याच्या सीमेपलीकडून चोरून येतो. धाड पडली की चार दिवस भाव चढतो, माल गायब होत नाही.

आमच्याकडे पाहुण्यालाही खर्रा विचारतात हो, चहासारखा. शाळेजवळ ठेला असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्या, तिची पोच मागून घ्या.