वी हेवी कशी प्यावी आणि सोबत काय खावं

मेहुण्यांनी एडिनबरोहून आणलेली ८ टक्के अल्कोहोलची वी हेवी, म्हणजे स्कॉच एल नावाची स्कॉटलंडची कडक बिअर, तुम्ही तासभर फ्रीजरमध्ये ठेवलीत, मगमध्ये ओतून लौंग शेवेबरोबर प्यायलात आणि ती खोकल्याच्या औषधासारखी लागली, असं लिहिलंय. दुसरी बाटली शिल्लक आहे हे वाचून फार बरं वाटलं. ती वाया घालवू नका.

बिअरमध्ये दोष असेल असं मला वाटत नाही. इथल्या दुकानात मिळणारी 'स्ट्राँग' ही बहुतेक वेळा लागर या दुसऱ्या प्रकारची बिअर असते. तिच्यात जवाबरोबर तांदूळ, मका किंवा साखर असते आणि ती बर्फगार प्यायचीच सवय आपल्याला लागलेली आहे. वी हेवीचा सगळा जीव माल्टमध्ये. घरी नाचणीचं सत्त्व करताना भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. माल्ट म्हणजे जवाचं तेच, फक्त पुढे भट्टीत कमीजास्त भाजलेलं. काही ब्रुअर तर पहिला दाट अर्क बासुंदीसारखा आटवून मग उरलेल्यात मिसळतात. हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणणारी फुलं, मात्र बेताचीच घालतात. ट्रॅक्वेअर हाउस या स्कॉटलंडमधल्या जुन्या वाड्यात १९६५ साली पुन्हा सुरू झालेली एल अजून ओकच्या पिंपांत आंबवतात, ती ७.२ टक्क्यांची. अशी बिअर गारठली की वास बसतो, गोडवा दबतो आणि कडवटपणा तेवढा पुढे येतो. तुम्हाला औषध लागलं ते त्यामुळेच.

बाटली साध्या फ्रीजमध्ये ठेवा आणि प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. इंदूरच्या मे महिन्यात पंधरा मिनिटं पुरतात. १० ते १३ अंश हवं, म्हणजे माठातल्या पाण्यापेक्षा बरंच गार. बिअरचा मग नको, वाइनचा ग्लास घ्या आणि एकतृतीयांशच भरा. तळाशी गाळ दिसला तर शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या. आधी नुसता वास घ्या. पहिल्या घोटाने जीभ ओली होते, चव कळते ती दुसऱ्या घोटात. तो जिभेवर थोडा थांबवा. मला आधी पोळीची करपलेली कड लागते, मग काकवी, मग खजूर, आणि गिळल्यावर घशात ऊब. ग्लास तळव्यात धरून दहा मिनिटांनी पुन्हा चाखा, खजूर जास्त ठळक झालेला असेल.

आता खाणं. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना भडकवतात, त्यामुळे लौंग शेव बाद. गराडू, म्हणजे तळलेला कंद, मला जिवापाड आवडतो, पण वरून पिळलेलं लिंबू आणि जीरावन मसाल्यातला आमचूर माल्टची चव पुसून टाकतात. इंदूरच्या सराफा बाजारातून गरम जलेबा, म्हणजे मोठी जिलबी, आणूनही मी पाहिलाय. पाकापुढे बिअर पाणचट आणि कडू झाली, दोन्हींचं वाटोळं. गोडच हवं असेल तर जलेब्यापेक्षा कमी गोड निवडा, तुपावर खमंग भाजलेली गूळपोळी छान जाते.

माझ्या मते खरी जोडी बाफल्याची. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, तो आधी उकडतात, मग शेकतात, त्यामुळे आत मऊ आणि वर तांबूस कडक. पोळीवर डाग पडताना आणि माल्ट भाजताना घडते ती एकच क्रिया, मायार क्रिया. म्हणून ती कडक कड तोडून तुपात बुडवली आणि वर घोट घेतला की दोन्हीकडून सारखाच खमंग वास येतो. तूप जिभेवर साचतं ते बिअरमधला वायू धुऊन नेतो. डाळ मात्र साधी ठेवा, लसणाची झणझणीत फोडणी नको. सामिष चालत असेल तर खोबरं-कांदा काळसर भाजून केलेलं सुकं मटण, तिखट निम्मं.

३३० मिलीच्या बाटलीत साधारण २६ मिली शुद्ध अल्कोहोल असतो. साध्या ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत ३२ मिलीच्या आसपास, म्हणजे फार फरक नाही. तेव्हा दोघांत एक बाटली, जेवणभर पुरवून, आणि त्या रात्री गाडी काढायची नाही.

बाफल्याचा घाट नको असेल तर भुट्ट्याचा कीस करा. कणीस कोवळं घ्या, तुपात कीस गुलाबी होईपर्यंत परता आणि दूध त्यानंतरच घाला. घाईत दूध आधी पडलं तर कीस शिजतो पण भाजत नाही, आणि आपल्याला हवा आहे तो भाजल्याचाच वास. लिंबू वाटीत वेगळं ठेवा, बाटली संपल्यावर पिळा.