निरगाठ, सुरगाठ आणि दोऱ्याच्या टोकाची गाठ

विचारणा अशी आहे: हातशिलाईच्या सूचना मराठीत लिहायच्या आहेत. दोरा ओवल्यावर टोकाला गाठ ‘मारायची’, ‘घालायची’ की ‘बांधायची’? ती गाठ निरगाठ की सुरगाठ? आणि गोधडीकाम करणारे जिला ‘क्विल्टर्स नॉट’ म्हणतात तिला मराठीत काय म्हणावं?

आधी क्रियापद, कारण खरी गंमत तिथेच आहे. ‘गाठ’ हा शब्द एकटा फारसं काही सांगत नाही. काय झालं ते क्रियापद सांगतं. गाठ मारली म्हणजे हाताने मुद्दाम केली. गाठ पडली म्हणजे दोऱ्याचा पीळ उलगडला नाही आणि मध्येच नको तिथे ती आपोआप झाली. गाठ बसली म्हणजे इतकी आवळली की आता नखाने निघणार नाही, सुईची अणी घालूनच सैल करावी लागेल. गाठ आली म्हटलं की दोरा बाजूलाच राहतो, माणूस डॉक्टरकडे जातो. गाठ घेतली म्हणजे भेटलो. आणि ‘गाठ माझ्याशी आहे’ ही तर सरळ धमकी.

‘घालणे’ चूक नाही. टाका घालतात, वीण घालतात, तशी गाठही घालतात. पण ‘दोघांची गाठ घालून दिली’ याचा अर्थ ओळख करून दिली असाही होतो. दोन दोरे असोत की दोन माणसं, वाक्य तेच. ‘बांधणे’ मात्र मनाशी खूणगाठ बांधण्याकडे झुकतं. कापडाच्या संदर्भात ते गाठोडं, पुरचुंडी, नाडी यांच्यासोबत शोभतं. दोन बोटांच्या चिमटीत क्षणात होणाऱ्या कामाला ‘मारणे’ चपखल बसतं, जशी आपण टीप मारतो. म्हणून शिवणाच्या सूचनांत मी डोळे मिटून ‘टोकाला गाठ मारा’ असंच लिहीन.

आता निरगाठ-सुरगाठ. ही जोडी गाठीचा आकार सांगत नाही, ती सुटते कशी ते सांगते. एक टोक ओढलं की सरकन मोकळी होते ती सुरगाठ. ओढाल तितकी घट्ट होत जाते ती निरगाठ. बुटाच्या नाडीचा फासा योग्य टोकाने ओढला तर सुरगाठ असतो. चुकीचं टोक फाशातून आरपार गेलं की त्याच नाडीची निरगाठ होते, आणि ती नेमकी घाईच्या वेळी होते. या कसोटीवर शिवणदोऱ्याच्या टोकाची गाठ निरगाठच ठरते. तिचं काम अडकून राहण्याचं, सुटण्याचं नाही. तरी शिवणारं कुणी ‘आता निरगाठ मार’ असं सहसा म्हणत नाही, नुसतं ‘गाठ मार’ म्हणतात. ‘निरगाठ’ हा शब्द आपण बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात, गाठ सोडवायला बसल्यावरच वापरतो.

क्विल्टर्स नॉटचं नाव ठरवायला ती कशी होते ते पाहू. दोऱ्याचं मोकळं टोक सुईला टेकवून चिमटीत धरायचं. त्या टोकालगतचा दोरा सुईच्या अणीकडे दोन-तीनदा गुंडाळायचा. ते वेढे बोटांत दाबून ठेवून सुई पुढे ओढून घ्यायची. वेढे सुईवरून, नेढ्यावरून आणि मग सबंध दोऱ्यावरून घसरत टोकाशी येतात आणि तिथे आवळतात. गाठ बारीक आणि घट्ट होते, आणि वेढे कमी-जास्त करून तिची जाडी ठरवता येते. विरळ विणीच्या कापडातून एका वेढ्याची गाठ निसटून येते, तिथे तीन वेढे घ्यावेत. भरतकामातल्या फ्रेंच नॉटमध्येही वेढे असेच घेतात. फरक एवढाच की तिथे सुई पुन्हा कापडात उतरते आणि गाठ वर मिरवते.

गोधडीत उलट, गाठ दिसता कामा नये. वरच्या कापडातून सुई भरणात घालायची, थोड्या अंतरावर पुन्हा वर काढायची आणि दोरा हलक्या झटक्याने ओढायचा. गाठ टच् करून आत जाते आणि भरणात अडकते. याला ‘गाठ पुरणे’ लिहिलेलं मला अजिबात आवडत नाही. ‘गाठ आत ओढून घ्या’ हे साधं आणि अचूक आहे.

तेव्हा नाव ‘वेढ्यांची गाठ’ ठेवावं, असं माझं मत. ‘गोधडीगाठ’ सुचवता येईल, पण हीच गाठ बटण लावतानाही मारतात, मग नावाने उगीच दिशाभूल होते. ‘क्विल्टर्स नॉट’ तसंच ठेवलं तरी माझी हरकत नाही. फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘सुईवर वेढे घेऊन मारलेली गाठ’ एवढं लिहावं.

शुद्धलेखनाचं थोडक्यात: जुन्या छपाईत ‘गांठ’ दिसतं. तो अनुस्वार संस्कृत ‘ग्रन्थि’, प्राकृत ‘गंठि’ यांच्या नासिक्य उच्चाराची खूण होता. उच्चारात न उरलेले अनुस्वार 1962 च्या लेखननियमांनी काढून टाकले, त्यामुळे आज ‘गाठ’ हेच लिहावं. अनेकवचन ‘गाठी’.

सूचना लिहिताना आणखी एक सांभाळा. काही बिघडलं की सगळीकडे ‘निघाले’ लिहायचा मोह होतो: गाठ निघाली, शिवण निघाली, दोरा निघाला. गाठ सुटते, शिवण उसवते, दोरा तुटतो किंवा नेढ्यातून निसटतो. वाचणाऱ्याच्या हातात सुई असताना यातलं नेमकं काय झालं हे त्याला एका शब्दात कळायला हवं, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.