वाचनालयांचा सामाईक कोहा (पुस्तकांची यादी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल का?

खानापूर तालुक्यातल्या वाचनालयांची सामाईक यादी बाहेरूनही दिसायला हवी असेल, तर सर्व्हर घरी ठेवू नका. वर्गणी काढून भाड्याचा लहान व्हीपीएस (कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरचा आपल्यापुरता भाग) घ्या. आमच्या वाचनालयाचा सर्व्हर मीच बघतो, म्हणून सांगतो. पावसाळ्यात जांबोटीकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि घरगुती फायबरवर बहुधा स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळत नाही, म्हणजे निपाणीचा वाचक तुमच्यापर्यंत थेट पोचणार नाही. कोहा फुकट आहे, न्यूझीलंडच्या एका ग्रामीण वाचनालयात २००० पासून वापरात आलेला. सांभाळणं मात्र फुकट नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीवर बसवला तर रोजचा बॅकअप आपोआप होतो खरा, पण तो त्याच मशीनवर पडतो! डिस्क गेली की यादीही गेली, बॅकअपही. तेव्हा:

- बॅकअपची प्रत रोज दुसरीकडे हलवा, अधूनमधून ती उघडूनही बघा.
- डोमेन (संकेतस्थळाचं नाव) आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा. सांभाळणारा पोरगा पुण्याला नोकरीला लागला की नूतनीकरणाचे ईमेल कोणी वाचत नाही.

फक्त एकाच वाचनालयात, आतल्या आत देवघेव नोंदवायची असेल, तर जुना कॉम्प्युटर आणि बरा यूपीएस पुरतो.